आमचं अडाणीपण कुणाच्या खात्यावर जमा होतं?



दसरा उलटला की कळंब तालुक्यातल्या वस्त्या रिकाम्या व्हायला लागतात. ट्रॅक्टर येतो, मागं दोन ट्रॉल्या. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, तवा, पाण्याचा ड्रम, शेळी, डालीखाली झाकलेल्या दोन कोंबड्या आणि या सगळ्या पसाऱ्याच्या वर बसलेली पोरं. कितीतरी पोरांच्या अंगात शाळेचा युनिफॉर्म असतो. शाळेत चाललीत म्हणून नव्हे, धड असा तेवढाच एक कपडा असतो म्हणून. मोहा, इटकूर, शिराढोण, येरमाळा, कुठल्याही अंगाला जा, हेच दिसेल. ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राकडं नाहीतर कर्नाटकाकडं तोंड करतो. पोरं फडावर जातात आणि त्यातली बरीच जण हजेरीपटावर मात्र गावातच ‘हजर’ राहतात.

तुम्ही म्हणाल, हे आम्ही कवितेत लय वेळा वाचलं. वाचलं असेल. मी आज कविता करत नाही, हिशेब मांडतोय. आपल्याला हिशेबाचा कंटाळा आहे आणि समोरच्याला तो तोंडपाठ आहे, दुखणं तिथंच आहे.

मी अकरावीत होतो तेव्हाची गोष्ट. चुलता-चुलती हंगाम संपवून परत आले. चुलतीच्या पदराच्या गाठीत मुकादमाच्या वहीचं फाडलेलं पान होतं. ते माझ्यापुढं धरून म्हणाली, “बाबा, हे जरा बघ बरं. मुकादम म्हनतोय आजून अठरा हजार फिरायलेत आमच्याकडं.”

फिरायलेत म्हणजे उचल फिटली नाही, बाकी राहिली. सहा महिने दोघांनी कोयता चालवला आणि वर अठरा हजार देणं.

मी म्हणालो, “काकू, तू तर चौथी पास हायस ना?”

“हाय की. दाखल्यावर हाय.”

दाखल्यावर हाय! शिक्षणाच्या सगळ्या कमिट्यांचे सगळे अहवाल एका पारड्यात टाका आणि दुसऱ्यात हे दोन शब्द. चुलती जिल्हा परिषदेच्या शाळेत चार वर्षं गेली. तिच्यावर सरकारनं चार वर्षं खर्च केला, मास्तराचा पगार दिला, खडू दिला, पाटी दिली. जनगणनेत ती साक्षर म्हणून मोजली गेली. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता ७८ टक्क्यांच्या आसपास भरली, त्यात माझी चुलती आहे. सही करते, बसची पाटी वाचते. पण चार रकान्यांचं एक पान तिला लागत नाही.

ते पान मी रात्रभर लावत बसलो. एक खाडा दोन ठिकाणी धरलेला होता. दोन खेपा वजनाच्या रकान्यात आल्याच नव्हत्या. दवाखान्याला दिलेले पैसे एकदा ‘दवा’ म्हणून आणि एकदा ‘रोख’ म्हणून मांडलेले. सगळं मिळून सात हजारांच्या वर फरक. सकाळी चुलत्याला घेऊन मुकादमाकडं गेलो. तो हसला आणि म्हणाला, मिस्टेक झाली असंल, पोरगं हुशार निघालं तुमचं. सात हजार कमी केले. त्याच्या टोळीत आणखी बारा कोयते होते. त्यांच्या घरात त्या वर्षी अकरावीतलं पोरगं नव्हतं.

मिस्टेक दरवेळी एकाच बाजूला कशी काय होते, हे मला अजून कुणी गणितात समजावून सांगितलेलं नाही.

आता मोठ्या लोकांचा हिशेब ऐका. जागतिक बँकेनं २०२२ साली सांगितलं की कोरोनात शाळा बंद राहिल्यामुळं आणि शिकणं बुडाल्यामुळं या पिढीच्या पोरांची आयुष्यभराची कमाई जगभरात मिळून २१ लाख कोटी डॉलरनी घटू शकते. त्यांनी एक शब्दही काढलाय, ‘लर्निंग पॉव्हर्टी’. दहा वर्षांच्या पोराला साधा मजकूर वाचून कळत नसेल तर ते शिकण्याचं दारिद्र्य. गरीब आणि मधल्या उत्पन्नाच्या देशांत शंभरातली सत्तर पोरं त्यात मोडतात असा त्यांचा अंदाज. आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. हे सगळे अर्थतज्ज्ञ ‘देशाचा तोटा’, ‘जगाचा तोटा’ अशा भाषेत बोलतात. जणू एक भलं मोठं पाकीट रस्त्यात पडलं आणि कुणालाच सापडलं नाही.

चुलतीचे सात हजार हरवले नव्हते. ते मुकादमाच्या खिशात होते. मुकादम नावाच्या एका माणसावर माझा राग आहे असंही समजू नका. तोही कालपरवा ऊस तोडत होता, त्याच्याही मानेवर कारखान्याच्या करारनाम्याचा फास आहे. मी विचारतोय ते एवढंच की अडाणीपणानं आपलं जे जातं ते जातं कुठं?

ऊसतोडीचा साधा गुणाकार करू. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि कोयत्याला टनामागं ३६६ रुपये ठरले. त्यासाठी संप झाले, बैठका झाल्या, पेपरात फोटो आले. चांगलं झालं. पण टन म्हणजे किती हे ठरतं काट्यावर. नवरा-बायको मिळून दिवसाला दीड-दोन टन तोडतात. समजा रोज फक्त दोनशे किलो कमी मांडले. दोनशे किलोचे त्र्याहत्तर रुपये झाले. शंभर दिवसांच्या हंगामात सात हजार तीनशे वीस. एका कोयत्याचे. टोळीत दहा कोयते असले तर त्र्याहत्तर हजार. कुणाच्याही घरावर दरोडा न घालता, कुणाला शिवीसुद्धा न देता त्र्याहत्तर हजार! संप करून मिळवलेली वाढ अशी दोन रकान्यांच्या मधल्या फटीतून गळून जाते. काट्याची पावती ज्याला वाचता येते आणि रोजची बेरीज ज्याला घालता येते त्याच्याशी हा खेळ खेळता येत नाही. म्हणजे तिसरीची बेरीज आणि पाचवीचा गुणाकार जिथं शिकवायचा राहिला, तिथंच कुणाचा तरी नफा तयार झाला.

मी याला तोटा म्हणायला तयार नाही, मी याला वसुली म्हणतो.

हे मला एकट्याला सुचलेलं शहाणपण नाही. १८८२ च्या ऑक्टोबरात जोतीबांनी हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं. त्यात त्यांनी दयेची भीक मागितली नाही, थेट जमाखर्च विचारला. सरकारचा महसूल भरतो कोण, तर शेतात राबणारा रयत. आणि त्या पैशातून शिकतो कोण, तर वरच्या जातीची पोरं. गरिबाच्या घामातून श्रीमंताच्या पोराची फी भरली जाते हे त्यांनी साहेबाच्या तोंडावर सांगितलं आणि निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणाले.

पुढं १२ मार्च १९२७ ला, महाडचा सत्याग्रह आठ दिवसांवर आलेला असताना, बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर उभे राहिले. आपल्या पोरांना महाड तोंडपाठ आहे, हे भाषण माहीत नाही. बाबासाहेब अर्थशास्त्राचे डॉक्टर. त्यांनी आकडे मांडले. प्राथमिक शाळेत शंभर पोरं घातली तर चौथीपर्यंत पोचतात फक्त अठरा. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जाऊन पडतात, म्हणजे त्यांच्यावर केलेला खर्च पाण्यात. दुसरा आकडा त्याहून झोंबणारा. सरकार माणशी चौदा आणे शिक्षणावर खर्च करतं आणि दारूच्या करातून त्याच माणसाकडून दोन रुपयांच्या वर काढून घेतं. दारूतून जेवढं घेता तेवढं तरी त्यांच्या शिकण्यावर खर्च करा, अशी त्यांची मागणी. गुत्त्यातून पैसा काढायचा आणि शाळेत तो घालायचा नाही, सरकारची ही रीत त्यांनी भर सभागृहात उघडी पाडली.

शंभर वर्षं होत आली. ब्याऐंशी पोरं शाळेबाहेर पडत होती ती आता आत बसलेली आहेत, एवढा फरक नक्की पडला. तो कमी नाही. आमच्या आज्यानं शाळेच्या बाहेर ओट्याखाली बसून अक्षरं ऐकली, आम्ही आत बाकावर बसलो. पण बाकावर बसून काय मिळतं? ‘असर’ नावाची पाहणी खेडोपाडी घरोघर जाऊन पोरांच्या हातात दुसरीचा उतारा देते आणि वाचायला सांगते. एवढीच परीक्षा. महाराष्ट्राच्या खेड्यांत पाचवीतल्या शंभर पोरांपैकी २०१८ साली सहासष्टच्या आसपास पोरांना तो वाचता आला. २०२२ साली छप्पन्न. कोरोनाची दोन वर्षं मध्ये होती हे खरं. पण २०१८ ला कोणता कोरोना होता? तेव्हाही शंभरातली चौतीस पाचवीत बसून दुसरीच्या मागं होती. देशभरात तर हाल आणखी वाईट, २०२४ लाही निम्म्या पोरांना ते जमलं नाही.

आणि ही चौतीस-चव्वेचाळीस पोरं कुठली असणार? वाड्यातली? त्यांची पोरं कधीच इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या बसमध्ये बसली. गावची मराठी शाळा आता आपल्या वस्तीची, पारध्याच्या पालाची, मांगवाड्याची, कोयत्याच्या पोरांची उरली. म्हणूनच तिच्याकडं कुणाचं लक्ष नाही. १८७१ च्या कायद्यानं ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं आणि १९५२ मध्ये ज्यांचा तो शिक्का कागदावरून पुसला, त्या पारध्याच्या पोराला शाळेतली सवलत घ्यायची तर आधी जातीचा दाखला, त्यासाठी जुना पुरावा, पुरावा म्हणजे बापाचा शाळेचा दाखला. बाप शाळेत गेला नव्हता म्हणून तर पोराला घालायचंय! हे कोडं तहसीलच्या खिडकीत अजून सुटलेलं नाही.

सरकार म्हणतं पैसा नाही. कोठारी आयोगानं १९६६ साली सांगितलं, राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर घाला. १९६८ च्या धोरणात ते लिहिलं गेलं. २०२० च्या धोरणातही तोच सहाचा आकडा पुन्हा लिहिला. चोपन्न वर्षं एकच आकडा परत परत लिहायचा आणि एकदाही गाठायचा नाही, याला आमच्या शाळेत मास्तर ‘शुद्धलेखनाची शिक्षा’ म्हणायचे.

सहा टक्के राहू द्या, आहे तेही कमी करायचं चाललंय. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करायचा निर्णय निघाला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळांकडं बोट दाखवून ‘समूह शाळा’ नावाची गोड गोळी काढली. लहान शाळा परवडत नाही म्हणे. कुणाला परवडत नाही? वस्तीवरची शाळा दोन-तीन किलोमीटर लांब गेली तर पाटलाचं पोरगं मोटरसायकलवर जाईल. आपली पोरगी, सहावी-सातवीतली, ओढा ओलांडून उसाच्या कडेनं एकटी जाईल का? आई म्हणेल, ऱ्हाऊ दे, लहान्याला सांभाळ. दोन वर्षांत लग्न, लग्न झालं की कोयता पुरा. ‘कोयता’ म्हणजे जोडपं हे शहरातल्या दोस्तांना माहीत नसेल तर सांगतो. उचल एकट्या गड्याला अर्धीच मिळते, म्हणून बायको लवकर लागते. शाळा लांब नेऊन सरकारनं जे वाचवलं ते त्या पोरीनं आयुष्यभर भरलं. हा खर्च कुठल्या बजेटात दाखवता?

स्थलांतर करणाऱ्या पोरांसाठी आधी साखरशाळा होत्या. शिक्षणहक्काचा कायदा २०१० पासून लागू झाला आणि त्यानंतर सगळी पोरं नियमित शाळेतच पाहिजेत म्हणून त्या मागं पडल्या. मग हंगामी वसतिगृह आलं. पोरगं गावात आजीजवळ राहील, जेवण सरकार देईल. कल्पना वाईट नाही, मी नावं ठेवणार नाही. पण ट्रॅक्टर जातो दसऱ्याला आणि आमच्या भागात वसतिगृहाची मंजुरी कितीदा दिवाळीनंतर येते. तोवर पोरगं फडावर पोचून वाढं गोळा करायला लागलेलं असतं. २०१८ मध्ये नीती आयोगानं आमच्या जिल्ह्याला ‘आकांक्षित जिल्हा’ असं नाव दिलं. मागास म्हणायची लाज वाटली असावी. नाव बदलून काय होतं ते मराठवाड्याला कुणी शिकवू नये.

आता शहरात राहणाऱ्या दोस्तांनो, तुमच्याकडं वळतो. कारण तुम्हाला वाटत असेल की हे गावाकडचं रडगाणं आहे, आपण सुटलो.

तू पुण्यात पेठेत कॉट बेसिसवर राहतोस. सहा जणांत एक खोली, मेसचा डबा, अभ्यासिकेची फी, क्लासची फी. घरून पैसे येतात, म्हणजे बाप कुणाकडून तरी उचलतो. वय सव्वीस. क्लासात काय शिकतोस? शेकडेवारी, सरासरी, काळ-काम-वेग, संधी, समास, विभक्ती. दोस्ता, ही पाचवी ते आठवीची पुस्तकं आहेत! जे जिल्हा परिषदेच्या शाळेनं फुकट शिकवायचं होतं ते तू हजारो रुपये देऊन, ऐन कमावत्या वयाची पाच वर्षं देऊन परत विकत घेतोयस. पहिल्यांदा बापानं कर भरून दिले, दुसऱ्यांदा तू फी भरून दिलेस. आणि ज्यानं क्लास काढला त्याच्यासाठी पडलेली शाळा ही सोन्याची खाण आहे. शाळा चांगली चालली तर त्याचा धंदा बसेल.

एवढं करून मिळतं काय? २०२३ मध्ये तलाठ्याच्या ४,६४४ जागा निघाल्या. अर्ज आले दहा लाखांच्या वर. फी खुल्याला हजार, मागासवर्गीयाला नऊशे. मागासवर्गीयाला शंभर रुपयांची सवलत, बघा केवढं सामाजिक न्यायाचं काम! सगळ्यांनी नऊशेच भरले असं धरलं तरी नव्वद कोटींच्या पुढं जातं. बेकारांकडून गोळा केलेले नव्वद कोटी. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागा आणि अर्ज साडेसतरा लाखांच्या वर. एका जागेला शंभर पोरं. नव्याण्णव पोरं पुढच्या भरतीपर्यंत परत अभ्यासिकेत. या नव्याण्णव पोरांची बुडालेली वर्षं कुणी मोजतं का? वर्षभर मजुरी केली असती तरी घरात लाखभर आले असते. मजुरी करा असं मी म्हणत नाही. पोराला दुसरं काही यावं असं शाळेनं काहीच हातात दिलं नाही, म्हणून तो एकाच दारावर डोकं आपटतोय. वायरिंग येत नाही, नकाशा वाचता येत नाही, इंग्रजीत चार ओळींचं पत्र येत नाही. पदवी आहे.

पदव्यांचं पीक कसं आलं तेही बघा. १९८३ मध्ये वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं आणि साखरसम्राटांतून शिक्षणसम्राट तयार झाले. ज्या कारखान्याला तोडायला अडाणी कोयता लागतो, त्याच कारखान्याच्या चेअरमनचं कॉलेज असतं. एकाच माणसाला आपलं अडाणीपणही विकत पाहिजे आणि आपली पदवीही विकायची आहे. दोन्हीकडून त्याचीच चांदी. मग डी.एड.ची दुकानं निघाली. आमच्याकडं किती जणांनी एकर-दीड एकर विकून पोराला डी.एड. केलं आणि २०१२ पासून शिक्षक भरतीच बंद पडली. सात-आठ वर्षं नुसती वाट. जो लागला तो विनाअनुदानित शाळेत बिनपगारी. २००१ मध्ये सरकारनं शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ असा शब्द चिकटवला, २००९ मध्ये ‘कायम’ खोडला, पगार मात्र खोडलेलाच राहिला. सकाळी शाळेत शिकवणारा आणि दुपारी दुसऱ्याच्या रानात फवारणी करणारा मास्तर मी पाहिलाय. तो पोरांना काय शिकवणार, आणि पोरं त्याच्याकडं बघून शिकण्याबद्दल काय शिकणार!

यात आपले धुतल्या तांदळाचे आहेत असं समजू नका. आपल्यातल्याही काहींनी बाबासाहेबांच्या, अण्णाभाऊंच्या नावानं संस्था काढल्या. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, बोटाला शाई लावून पोरं मोजली, तेव्हा कागदावरची किती पोरं हवेत विरली ते सगळ्यांनी बघितलं. जे पोरगं जन्मालाच आलं नाही त्याच्या नावानं खिचडी शिजली, पुस्तकं आली, अनुदान निघालं. त्या संस्थांच्या भिंतीवर आपल्याच महापुरुषांचे फोटो होते, हे लिहायला हात जड होतो, पण लिहिलं पाहिजे.

आणि एक रोग आपल्या भाषणांतून गेला पाहिजे. स्टेजवर चढलं की पहिलं वाक्य, अण्णाभाऊ दीड दिवस शाळेत गेले आणि जगात नाव काढलं. टाळ्या. अरे, अण्णाभाऊंना शाळेतून कसं निघावं लागलं ते सांगा! असे किती अण्णाभाऊ दीड दिवसात बाहेर पडले आणि कुठल्या तरी फडावर, कुठल्या तरी गिरणीत, कुठल्या तरी गटारात संपले, त्यांचा हिशेब सांगा. एक माणूस सगळ्या आगीतून तावून बाहेर आला म्हणून आग चांगली ठरत नाही.

शाळा खरोखर चालते तेव्हा काय होतं हेही आपल्याकडं घडलेलं आहे. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज काढलं, ते पुढं मिलिंद म्हणून ओळखलं गेलं. निजामाच्या राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या, उर्दू माध्यमाच्या ओझ्याखाली दबलेल्या मराठवाड्यात. नागसेनवनात बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबादची पोरं आली, अंगावर धड कपडा नसलेली. दहा-पंधरा वर्षांत त्यांच्यातून कारकून, मास्तर, वकील, प्राध्यापक, लेखक निघाले. एका पगारावर चार घरं उभी राहिली. १९५८ ला महारवतन कायद्यानं गेलं, पण गावकी खरी सुटली ती मनिऑर्डर यायला लागली तेव्हा. महिन्याला पैसे येणारं घर पाटलाच्या दारात भाकरी मागायला जात नाही आणि मेलेलं ढोरही ओढत नाही. मजुरी ठरवताना मान वर करून बोलतं.

१९७८ ला नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला, तेव्हा झोपड्यांबरोबर धान्य जाळलं, भांडी फोडली, विहिरीत घाण टाकली. लोक म्हणतात ते नावाचं भांडण होतं. माझं मत वेगळं आहे. नावाचं होतंच, पण त्याच्या खाली मजुरीचं होतं. शिकलेलं पोरगं फुकट राबत नाही, हे गावाला तोवर चांगलं कळलं होतं. पंधरा-सोळा वर्षं लढून १४ जानेवारी १९९४ ला आपण विद्यापीठाच्या पाटीवर नाव आणलं. त्यासाठी माणसं मेली. त्याबद्दल एक शब्द कमी बोलणार नाही.

पण चळवळीतल्या दोस्तांना एक विचारतो, रागावू नका. विद्यापीठाच्या दारासाठी आपण जेवढं रक्त दिलं, त्याच्या शंभराव्या भागाचा घाम वस्तीतल्या दुसरीच्या वर्गासाठी गाळला का? राखीव जागा कामाला येते ती वरच्या शिक्षणात. चोरी होते दुसरी-तिसरीत. ज्याला तिसरीत वजाबाकी आली नाही तो बारावीच्या दारापर्यंत पोचणारच नाही, आणि मग जागा रिकामी ठेवून साहेब शेरा मारणार, ‘पात्र उमेदवार मिळाला नाही’. त्या शेऱ्याविरुद्ध आपण मोर्चा काढतो, काढलाच पाहिजे. पण पात्र उमेदवार कुठं मारला गेला? तो पंधरा वर्षं आधी मारला गेला, जिल्हा परिषदेच्या खोलीत, दोन यत्ता आणि एक मास्तर, तोही निवडणुकीच्या याद्या करायला गेलेला.

काम मोठं नाही, कटकटीचं आहे. शिक्षणहक्काच्या कायद्यानं प्रत्येक शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे आणि तिच्यात पाऊण हिस्सा पालक असले पाहिजेत. आपल्या वस्तीतले किती पालक तिच्यात आहेत? असतील तर बैठकीच्या वहीवर त्यांचा अंगठा कोण घेऊन जातो? सुट्टीत गावी गेलात की पुतळ्याला हार घालून परत फिरू नका. दुसरीचं पुस्तक घ्या आणि पाचवीच्या पोराला बसवून वाचायला सांगा. येत नसेल तर नाव-गाव-यत्ता लिहा. अशा पन्नास पोरांची यादी घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्याच्या टेबलावर जा आणि पोचपावती घ्या. घोषणा नंतर द्या. यादीला उत्तर द्यावं लागतं, घोषणेला लागत नाही. आणि हंगाम संपला की मुकादमाची पानं वस्तीत गोळा करा, सगळ्या टोळीची, एका रात्रीत लावून काढा. फक्त आपल्या काकूचं पान लावून गप्प बसायचं नाही. मी तेव्हा तेच केलं होतं, बारा कोयत्यांना तसंच सोडून.

गेल्या नवरात्रात सुट्टी काढून गावी गेलो होतो. चुलतीचे गुडघे गेलेत, आता तिचा पोरगा आणि सून जातात. नात तिसरीत, तीही बरोबर जाणार होती. तिला वाचायला दिलं, अडखळत वाचलं. शंभरापर्यंत आकडे येत होते, हातच्याची वजाबाकी येत नव्हती. मुकादमाच्या पानावर दुसरं काय असतं? उचलीतून तोडणी वजा. चुलती शेजारी बसून बघत होती, मध्येच म्हणाली, “मलाबी सांग रे, हे हातचा म्हन्जे कुनाच्या हातचा?”

ट्रॅक्टर यायला अकरा दिवस होते. अकरा दिवसांत दोघींचा हातचा झाला. भागाकार राहिला.